‘सेट’चे अर्थ नक्की किती? आणि मोजायचे कसे?

बोरूबहाद्दर

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेला शब्द कोणता, असा प्रश्न प्रश्नमंजूषेत आला की उत्तर ठरलेलं: सेट. त्यामागोमाग आकडाही ठरलेला: ४३०. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली. तीत ‘सेट’ची नोंद सगळ्यांत लांब होती, सुमारे ६०,००० शब्दांची. एका चिमुकल्या शब्दाचा अर्थ सांगायला अख्ख्या कादंबरीएवढा मजकूर!

माझी शंका आकड्याबद्दल नाही, मोजणीबद्दल आहे. सूर्य सेट होतो, सिमेंट सेट होतं, मोडलेलं हाड सेट करतात, गजर सेट करतात, परीक्षेचा पेपर सेट करतात, नवा विक्रम सेट करतात. मराठीत सूर्य मावळतो, सिमेंट धरतं, हाड बसवतात, गजर लावतात, पेपर काढतात आणि विक्रम नुसता करतात. आपल्याकडे सहा ठिकाणी सहा क्रियापदं आहेत, म्हणून आपल्याला हे सहा अर्थ दिसतात. पण जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला ते सहा दिसतात का? मला वाटतं, त्याच्या डोक्यात एकच कल्पना असते: एखादी गोष्ट तिच्या जागी बसवणं आणि तिनं तिथंच राहणं. बाकी सगळे त्याच कल्पनेचे फाटे.

तसं असेल तर ४३० हा शब्दाचा गुण की कोशकाराच्या चिकाटीचा? जाणकारांनी प्रकाश टाकावा. नुसता अर्थ सांगू नका, तो मूळ कल्पनेपासून किती लांब गेलाय तेही सांगा.

धावती_टीप

सेटचं राज्य केव्हाच खालसा झालंय हो. ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीचं काम ए पासून नाही, एम पासून सुरू झालं. सुधारलेल्या नोंदी येऊ लागल्या तसा विक्रम मोडत गेला: २००० साली ‘मेक’नं, २००७ साली ‘पुट’नं, २०११ साली ‘रन’नं. एकट्या ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ. ती नोंद तयार करणाऱ्या पीटर गिलिव्हर या संपादकाचे नऊ महिने त्यातच गेले.

तेव्हा धाग्याचं नाव बदला. :)

बोरूबहाद्दर

नाव बदलत नाही, कारण तुम्ही माझ्याच बाजूची साक्ष दिलीत. १९८९ ची आवृत्ती म्हणजे बराचसा १९२८ साली पूर्ण झालेल्या पहिल्या आवृत्तीचाच मजकूर, त्यात पुरवण्या मिसळलेल्या. ‘रन’ची नोंद मात्र नव्यानं उपसून लिहिलेली. मधल्या काळात यंत्रं रन झाली, संगणकाचे प्रोग्रॅम रन झाले. एकाचं वजन जुन्या काट्यावर आणि दुसऱ्याचं नव्या काट्यावर करून कोण जड ते ठरवायचं कसं?

निषाद

धागा वाचनखुणांत टाकला. थोडं व्युत्पत्तीकडून.

‘सेट’ हे क्रियापद ‘सिट’चं प्रयोजक रूप आहे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीत सिट्टन आणि सेट्टन अशी जोडी होती. अशा आणखी जोड्या आजही टिकून आहेत: लाय म्हणजे पडून असणे, ले म्हणजे ठेवणे, फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे पाडणे, विशेषतः झाड. आपल्याकडे पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तुटणे-तोडणे यांत मधला स्वर बदलून हेच काम होतं. म्हणून बोरूबहाद्दरांनी ‘जागी बसवणं’ हा गाभा धरला, तो इतिहासाला धरूनच आहे.

आणखी मागे गेलं की संस्कृतातला सद् (बसणे) हा धातू याच कुळातला निघतो. सदन, सदस्य, संसद, परिषद, उपनिषद, निषाद हे सगळे त्याचे वंशज. लॅटिनकडून इंग्रजीत आलेले सेशन, प्रेसिडेंट आणि तळाशी बसणाऱ्या गाळासाठीचा सेडिमेंट हेही त्याच घरचे. माझी सगळ्यांत आवडती जोडी मात्र नेस्ट आणि नीड. दोन्हींचा अर्थ घरटं, आणि दोन्हींची घडण एकच: ‘नि’ अधिक ‘सद्’, म्हणजे खाली बसण्याची जागा.

आता गंमत. ‘संच’ या अर्थाचा सेट आला कुठून? तो निराळाच शब्द आहे. लॅटिन सेक्टा, म्हणजे अनुयायांचा गट, तिथून जुन्या फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. सेक्ट, म्हणजे पंथ, हा त्याचाच भाऊ. पुढे दोन्ही शब्दांचा उच्चार आणि स्पेलिंग एक झालं, आणि अर्थही एकमेकांत इतके कालवले गेले की काही ठिकाणी कोणता सेट कुठल्या घरचा हे सांगणं अवघड होतं. नाटकाचा सेट जागेवर बसवलेला म्हणून सेट, की अनेक वस्तूंचा मिळून झालेला म्हणून सेट? दोन्ही वाटा पटण्यासारख्या आहेत.

तेव्हा ‘एकच कल्पना’ हे अर्धंच खरं. कल्पना निदान दोन आहेत.

मैत्रेयी_

निषाद, सुंदर प्रतिसाद. मग मराठी ‘बसणे’ पण सद् वरूनच का?

निषाद

नाही. बसणे हे उपविश् पासून, प्राकृतातून घासत घासत आलेलं. हिंदीतलं बैठना उपविष्ट वरून. सद् चे तत्सम शब्द आपल्याकडे ढिगानं आहेत, पण रोजचं बसणं दुसऱ्या धातूचं.

रंधा

व्युत्पत्ती वगैरे आपला प्रांत नाही. लाकडाचं काम हौसेनं करतो, म्हणून एक अर्थ देतो जो साध्या कोशात सहसा सापडत नाही. करवतीचे दात सरळ एका रेषेत नसतात. एक दात किंचित डावीकडे, पुढचा किंचित उजवीकडे असे वाकवलेले असतात. या वाकवण्याला सेट म्हणतात. त्यामुळे पडणारी खाच पात्यापेक्षा थोडी रुंद होते आणि पातं लाकडात अडकत नाही. सेट कमी झाला की करवत जाम होते, आणि जास्त झाला की काप वेडावाकडा येतो, भुसाही फार निघतो. दात वाकवायच्या हत्यारालाही सॉ-सेट म्हणतात. खिळ्याचं डोकं पृष्ठभागाच्या खाली ठोकायला जो छोटा पोलादी ठोकणा वापरतात तो नेल-सेट.

म्हणजे क्रिया सेट, तिचा परिणाम सेट आणि हत्यारही सेट. मूळ कल्पनेपासून लांब? मला तर नाही वाटत. दात त्याच्या ठरलेल्या तिरकेपणावर ‘बसवला’, इतकंच.

चुनाविटा

सिमेंटचा उल्लेख झालाच आहे तर एक गैरसमज खोडतो. सेट होणं आणि कडक होणं या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि बांधकामात हा फरक फार महत्त्वाचा. सिमेंटमध्ये पाणी घातलं की रासायनिक क्रिया सुरू होते. आधी ते लगदा असतं, हवं तसं फिरवता येतं. मग हळूहळू वळण्याचं थांबतं, आकार धरतं. हे सेटिंग, आणि ते काही तासांत उरकतं. पण त्या वेळी त्यात ताकद अगदी थोडी असते. खरी ताकद पुढचे कितीतरी दिवस वाढत राहते, ते हार्डनिंग. ताकद मोजायचा नेहमीचा दिवस २८ वा, तो याचसाठी.

सेट झालं की नाही हे बोटानं दाबून ठरवत नाहीत. त्यासाठी व्हिकाची सुई असते. लुई व्हिका या फ्रेंच अभियंत्याच्या नावानं ती ओळखली जाते. ठरावीक वजनाची सुई लगद्यावर सोडायची आणि ती किती आत जाते ते पाहायचं. म्हणजे भाषेत धूसर असलेला हा अर्थ प्रयोगशाळेत सुईच्या टोकावर आणून ठेवलाय.

जाता जाता: धातूच्या पट्टीवर भार टाकला आणि काढून घेतला, तरी ती पूर्वीसारखी सरळ झाली नाही, तर उरलेल्या वाकाला परमनंट सेट म्हणतात. मराठीत ‘बाक बसला’ म्हणतो ना आपण, तेच. इथेही बसणंच आलं!

शून्यवादी

गणितातला सेट म्हणजे संच, तो निषाद म्हणतात तसा दुसऱ्या घरचा. पण गणितानं त्याचं जे केलं ते कोणत्याच घरात बसत नाही.

व्यवहारातल्या सेटमध्ये वस्तू एकमेकींना शोभणाऱ्या असतात: दागिन्यांचा सेट, हत्यारांचा सेट. एक वस्तू हरवली की ‘सेट मोडला’. गणितात असं काही नाही. चंद्र, ७ ही संख्या आणि माझी चप्पल यांचाही संच होतो. क्रमाला महत्त्व नाही, तोच घटक दोनदा लिहिला तरी तो एकदाच धरायचा. कहर म्हणजे ज्यात काहीच नाही तोही सेट, रिक्त संच. दुकानदारानं रिकामी पेटी देऊन ‘हा तुमचा सेट’ म्हटलं तर काय कराल?

या सिद्धान्ताचा पाया घालणारा गेओर्ग कॅन्टर जर्मन भाषेत लिहायचा, त्याचा शब्द होता मेंगे, म्हणजे ढीग, समूह. फ्रेंचांनी आँसाम्ब्ल घेतला, म्हणजे ‘एकत्र’. इंग्रजांनी सेट घेतला. तेव्हा सेटचा हा अर्थ शब्दाला आतून फुटलेला फाटा नव्हे, बाहेरून आलेल्या कल्पनेला दिलेलं भाड्याचं घर आहे. कोशात तो बाकीच्यांच्या रांगेत क्रमांक घेऊन उभा असतो, पण त्याची जात वेगळी.

नेटकरी

व्हॉलीबॉल कुणीच कसं काढलं नाही? त्यात सेटर नावाचा खेळाडू सेटमध्ये सेट देतो. :) पहिला सेटर म्हणजे चेंडू उंच करून देणारा. दुसरा सेट २५ गुणांचा डाव, पाचवा झालाच तर १५ चा. तिसरा सेट म्हणजे तो उंच करून दिलेला चेंडू. एकाच वाक्यात दोन्ही घरं.

टेनिसचा सेट वेगळा. २०१० साली विम्बल्डनला इस्नर आणि माहू यांच्या सामन्यात शेवटचा सेट ७०-६८ असा संपला होता. सामना तीन दिवस चालला.

अर्धविराम

व्यायामशाळेतले सेट राहिले. आणि सेटर जातीचा कुत्रा! पक्ष्याचा वास लागला की तो दबा धरून खाली बसायचा, म्हणून सेटर.

दुभाषी

मी भाषांतरं करते, त्यामुळे हा शब्द रोज कुठे ना कुठे आडवा येतो. बोरूबहाद्दर, तुमच्या मांडणीचा अर्धा भाग पटला, अर्धा नाही.

पटलेला भाग: दुसऱ्या भाषेत किती शब्द लागतात त्यावरून अर्थ मोजायचे नसतात. तसं केलं तर मराठीतल्या ‘काका’ आणि ‘मामा’वरून इंग्रजी अंकलला दोन अर्थ आहेत असं म्हणावं लागेल. इंग्रजाला तो एकच.

न पटलेला भाग: ‘एकच कल्पना आहे’ म्हणून हात झटकता येत नाहीत. ती कल्पना माहीत असून ‘सेट ऑफ’चा अर्थ काढून दाखवा. सेट ऑफ म्हणजे प्रवासाला निघणे. सेट ऑफ म्हणजे फटाका उडवणे. हिशेबात एक रक्कम दुसरीतून वळती करणे हेही तेच. आणि गडद पडद्यामुळे चित्र खुलून दिसतं, तेव्हा पडदा चित्राला सेट ऑफ करतो. ‘जागी बसवणं’ यातून निघायचं कसं? उलट इथे गोष्ट जागेवरून उठतेय!

मोजायची एक जुनी युक्ती भाषाशास्त्रात आहे. एकाच क्रियापदाला दोन कर्मं जोडून बघायची. वाक्य सरळ वाटलं तर अर्थ एक. हसू आलं तर दोन. ‘त्यानं गजर आणि टायमर सेट केला’, ठीक. ‘त्यानं गजर आणि मोडलेलं हाड सेट केलं’, हे इंग्रजीतही विनोदीच वाटेल. म्हणजे बोलणाऱ्याच्या डोक्यातही ते दोन कप्पे आहेत, नुसत्या कोशात नाहीत.

ही कसोटी मराठीवर लावून पाहा: ‘तिनं दिवा आणि झाड लावलं.’ ‘त्याला भूक आणि नोकरी लागली.’

नेटकरी

त्याला ठेच, झोप, नोकरी आणि वेड एकदमच लागलं. =))

रंधा

विहिरीला पाणी, बसला वेळ आणि भिंतीला ओल लागली.

शून्यवादी

आणि तो माझा कोण लागतो?

मैत्रेयी_

हसून पुरेवाट. पण आता खरंच प्रश्न पडलाय. ‘लागणे’चे अर्थ मोजले तर सेटला मागे टाकेल का?

निषाद

मोलस्वर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, सुधारित दुसरी १८५७) उघडून ‘लागणें’ पाहा. वाचता वाचता दम लागतो. (हाही एक.) पण सेटशी शर्यत लावण्यात अर्थ नाही. ऑक्सफर्डमागे शेकडो वाचकांनी गोळा केलेली अवतरणं आणि दीडशे वर्षं आहेत. तेवढं मनुष्यबळ ‘लागणे’मागे उभं केलं तर काय निघेल कोण जाणे.

दुभाषीताईंच्या कसोटीला एक मर्यादा मात्र आहे. हसू येणं हे हो-नाही असं नसतं. ‘गजर आणि सापळा सेट केला’ याला तुम्ही किती हसाल? थोडंसं? मग अर्थ दीड म्हणायचा का?

दुभाषी

मर्यादा मान्य. तरी थोडंसं हसू हीसुद्धा माहितीच. हाड लांबचं आहे आणि सापळा जवळचा, एवढं तरी त्यातून कळतं. आकडा नाही मिळाला, अंतर मिळालं.

यंत्रमानव

इथे संगणकवाल्यांनी बरीच डोकी फोडली आहेत. शब्दाचा कोणता अर्थ अभिप्रेत आहे हे यंत्रानं ओळखायचं, हा यांत्रिक भाषांतराच्या सुरुवातीपासूनचा प्रश्न. १९६० साली या विषयाचे अभ्यासक बार-हिलेल यांनी एक साधं वाक्य पुढे केलं: खोका पेनमध्ये होता. पेन म्हणजे लेखणी, आणि पेन म्हणजे लहान मुलांना खेळायला केलेलं कुंपणही. खोका लेखणीत मावत नाही हे माणसाला न सांगता कळतं. यंत्राला ते कुठून कळणार? यावरून त्यांनी पूर्ण यांत्रिक आणि अचूक भाषांतराची आशाच सोडून द्या म्हटलं होतं.

मोजणीबद्दल बोलायचं तर प्रिन्स्टन विद्यापीठात १९८५ पासून वर्डनेट नावाचा शब्दसंग्रह बांधला गेला. त्यात नाम, क्रियापद, विशेषण सगळं धरूनही सेटचे अर्थ पन्नासच्या आत आहेत. शब्द तोच. ऑक्सफर्डमध्ये ४३०, इथे पन्नासहून कमी. एक कारण उघड आहे: ऑक्सफर्ड मेलेले अर्थही ठेवतं आणि वाक्प्रचारही पोटात घेतं, कारण त्याला शब्दाचा इतिहास लिहायचाय. वर्डनेटला आजच्या वापरापुरतं काम. पण फक्त तेवढंच नाही. अर्थ किती बारीक चिरायचा हे शेवटी चिरणारा ठरवतो.

आणि सेट, रन, पुट, मेक असे सगळे बारके, रोजचेच शब्द या यादीत का, याचंही उत्तर आहे. झिफ या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९४५ मध्ये दाखवलं की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. अर्थांची संख्या साधारण वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ‘करवत’ला चारशे अर्थ कधीच फुटणार नाहीत.

अवांतर: आमच्याकडे बिट (संगणकातला ० किंवा १ असा एक अंक) सेट करणे म्हणजे फक्त त्याचा १ करणे. ० करायचा असेल तर क्लिअर. इतका कडक अर्थ सेटला दुसरीकडे कुठे मिळाला नसेल.

बोरूबहाद्दर

यंत्रमानव, ‘चिरणारा ठरवतो’ हेच मला म्हणायचं होतं, पण तुम्ही आकड्यानिशी म्हटलंत. निषाद यांच्या दोन घरांमुळे माझा ‘एक गाभा’ दुभंगला, तरी दोन म्हणजे काही ४३० नव्हेत!

सेट ऑफबद्दल दुभाषीताईंशी थोडा वाद घालतो. प्रवासाला निघताना माणूस स्वतःला वाटेला लावतो. ‘वाटेला लावणे’ आपणही म्हणतोच, भले दुसऱ्या सुरात. फटाका उडवताना त्याला चालना द्यायची, म्हणजे पुन्हा त्याच्या मार्गी लावायचं. इथे जागेऐवजी वाट आली, एवढाच बदल. रक्कम वळती करण्याचं मात्र मला जमत नाही. तिथे हात टेकले.

अर्धविराम

मराठीत शिरलेल्या सेटचं काय? ‘पोरगा सेट झाला’ यात सेटलमधला ल गळून पडलाय. ‘सेटिंग लावणे’ म्हणजे आतून संधान बांधणे. इंग्रजीत सेटिंग म्हणजे कथेचा स्थलकाल किंवा हिऱ्याचं कोंदण. आपण त्यातून वशिला काढला. हा अर्थ ऑक्सफर्डला कळवायला हवा.

नवशिकी

सगळं वाचलं, खूप कळलं. पण इंग्रजी शिकणाऱ्यानं करायचं काय? माझ्या पुस्तकात सेट इन, सेट अप, सेट बॅक, सेट अबाउट, सेट असाइड अशी यादी आहे आणि ती रोज विसरते.

दुभाषी

यादी पाठ करू नका. प्रत्येकाबरोबर कोणती माणसं हिंडतात ते बघा. सेट असाइड नेहमी पैसे, वेळ किंवा मतभेद यांच्याबरोबर दिसेल, म्हणजे बाजूला काढून ठेवणे. कोर्टाचा निकालही सेट असाइड होतो, तिथे तो रद्द ठरतो. सेट अबाउटच्या पुढे काम येतं. सेट बॅकमध्ये कुणाचं तरी घड्याळ किंवा बेत मागे पडतो.

सेट इनचं तर फारच छान आहे. हिवाळा सेट इन होतो, कुजणं सेट इन होतं, घबराट, निराशा, जंतुसंसर्ग, कंटाळा, सगळे सेट इन होतात. आनंद सहसा होत नाही. सुरू झालं आणि आता लवकर हलणार नाही, असं काहीतरी नकोसं त्यात असतं. कोशात नुसतं ‘सुरू होणे’ दिलं असेल तर पेन्सिलीनं पुढे लिहून ठेवा: मुक्काम ठोकणे.

नवशिकी

‘द रेन सेट इन’ म्हणजे पाऊस लागला?

दुभाषी

अगदी. भुरभुर नव्हे, दिवसभराचा. पाऊस लागला.